करवंट्यांचे घोडे: ‘होली ग्रेल’ हा चित्रपट आणि त्याच्या दोन कॉमेंट्र्या

माडाखालची

माँटी पायथन या ब्रिटिश विनोदी नटमंडळींचा ‘माँटी पायथन अँड द होली ग्रेल’ (१९७५) इथे बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्यावर वेगळा धागा सापडला नाही म्हणून काढतेय. खरं तर मला चित्रपटाइतकंच त्याच्या डीव्हीडीवरच्या कॉमेंट्रीबद्दल बोलायचं आहे. चित्रपट चालू असताना तो करणारी माणसं आपल्या कानाशी बसून प्रत्येक दृश्यामागची हकीकत सांगतात, तो ट्रॅक.

न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. राजा आर्थर आणि त्याचे सरदार देवाच्या आज्ञेवरून एका पवित्र पात्राच्या शोधात निघतात. सुरुवातीला धुकं, टापांचा आवाज, मग चढावरून आर्थरचं डोकं वर येतं, मग छाती, आणि मग दिसतं की खाली घोडाच नाही. राजा स्वतःच घोड्याच्या चालीने उड्या मारत येतोय आणि मागून त्याचा नोकर दोन करवंट्या एकमेकींवर वाजवतोय. किल्ल्यावरचा पहारेकरी विचारतो, या थंड मुलखात नारळ कुठून आला? भिंगरीने आणला असेल. भिंगरी कशी आणेल, पाच औंसांचा पक्षी एक पौंडाचा नारळ उचलेल का? राजाचं काम राहिलं बाजूला, पहारेकरी आपसात हिशेब करत बसतात.

गोव्यात माडांखाली वाढलेल्या माणसाला हा प्रसंग अंमळ जास्तच भिडतो. आपल्याकडचा सोललेला नारळ साधारण पौंडभर भरतोच, सोडणासकट त्याच्या दुपटी-तिपटीवर जातो. आणि थंडीत विजेच्या तारांवर ओळीने बसलेली माळभिंगरी असते जेमतेम वीस ग्रॅमची. म्हणजे पाच औंस धरून पहारेकऱ्याने पक्ष्याला भरपूर सवलत दिली होती.

आता घोडे का नाहीत? तेवढे पैसे नव्हते म्हणून. अख्खा चित्रपट तीन लाख पौंडांच्या आत झालाय. नेहमीच्या चित्रपट कंपन्यांऐवजी पिंक फ्लॉइड, लेड झेपेलिन, एल्टन जॉन अशा संगीतकारांकडून पैसा आला. तेव्हा ब्रिटनमध्ये मोठ्या कमाईवर जबर आयकर होता, त्यामुळे असे पैसे गुंतवणं त्यांना सोयीचंही होतं.

दिग्दर्शक दोन, टेरी गिलियम आणि टेरी जोन्स. एका कॉमेंट्रीत हे दोघं, दुसरीत त्याच मंडळींतले नट जॉन क्लीज, एरिक आयडल आणि मायकेल पेलिन. दिग्दर्शकांची कॉमेंट्री ऐकताना हळूहळू लक्षात येतं की पडद्यावर आपण ज्याला शैली समजत होतो ती बहुतेक ठिकाणी अडचणीतून काढलेली वाट आहे. स्कॉटलंडमधले बरेच किल्ले त्यांनी हेरून ठेवले होते. चित्रीकरण तोंडावर आलं आणि सरकारी खात्याने परवानगी नाकारली. हाती राहिला मुख्यतः एक डून कॅसल, कारण तो खाजगी मालकीचा होता. मग तोच किल्ला कधी फ्रेंचांचा, कधी दलदलीतला, कधी मुलींनी भरलेला. कॅमेरा फिरवला, दरवाजा बदलला, नवा किल्ला तयार. सरदारांची लोखंडी जाळीची चिलखतं म्हणजे लोकरीचं विणकाम, वर चंदेरी रंग. स्कॉटलंडच्या पावसात ती भिजून जड व्हायची आणि दिवसभर अंगावर तशीच. पहिल्याच दिवशी पहिल्याच शॉटला कॅमेरा बिघडला.

आणि शेवट! मोठी लढाई उभी करायला पैसे नव्हते, म्हणून ऐन हल्ल्याच्या वेळी आजच्या काळातले पोलीस येऊन राजाला अटक करतात आणि चित्रपट तुटतो. पहिल्यांदा पाहताना हा शेवट फसवणूक वाटतो. पण मागे जाऊन बघा. मध्येच एक इतिहासाचा अभ्यासक कॅमेऱ्यासमोर बोलत असतो, एक स्वार भरधाव येऊन त्याला उडवतो. तिथून पोलीस मागावर आहेत. म्हणजे नाइलाजाचा शेवटसुद्धा त्यांनी आधीपासून पेरून आणलाय. शिवाय त्या स्वाराखाली खराखुरा घोडा आहे, चित्रपटातला एकुलता एक. क्षणभरच दिसतो.

हे असं पुन्हा पुन्हा पाहायला मला त्या कॉमेंट्रीने शिकवलं. इथे आणखी कोणी ऐकलीय का? दुसऱ्या कुठल्या कमी पैशातल्या विनोदी चित्रपटाची कॉमेंट्री ऐकण्यासारखी आहे?

दुपारची_वामकुक्षी

छान धागा. चित्रपट पाहिलाय, कॉमेंट्री आहे हे माहीतच नव्हतं. वाचतेय.

डिचोलीकर

चित्रपट मी अर्ध्यावर सोडला होता. आर्थरच्या दंतकथा इंग्रजांच्या अंगात मुरलेल्या, त्यामुळे त्यांना त्यांची टिंगल कळते. आपण ना त्या गोष्टी लहानपणी ऐकल्या, ना तो शाळेतला इतिहास आपला. मग हसायचं कशाला? प्रामाणिकपणे विचारतोय.

माडाखालची

@डिचोलीकर, प्रश्न रास्त आहे. पण चिखलात राबणारा तो शेतकरी आठवा. आर्थर सांगतो की तळ्यातल्या देवीने मला तलवार दिली म्हणून मी राजा, आणि तो माणूस हातातलं काम न सोडता विचारतो की पाण्यात पडलेल्या बाईने तलवार वाटण्यावर कुठे राज्य चालतं का, सत्ता लोकांकडून यायला हवी. हे कळायला आर्थरच्या कथा कशाला हव्यात? गावच्या देवस्थानच्या बैठकीत बसलेल्या कोणालाही हा संवाद ओळखीचा वाटेल. दुसरं म्हणजे तो काळा सरदार. दोन्ही हात तुटले, पाय तुटले, तरी ‘किरकोळ जखम आहे’ म्हणत लढायला बोलावतो. असा माणूस प्रत्येक वाड्यावर एक तरी असतो. पुन्हा एकदा पूर्ण पाहा.

पेडण्याचा_प्रेक्षक

करवंट्यांचा प्रसंग वाचून मला सगळ्यात आधी दशावतार आठवला.

आमच्याकडे पेडण्यात जत्रेच्या रात्री दशावतार बघत मोठा झालो. रंगमंचावर सामान किती? एक लाकडी बाकडं. राजा बसला की ते सिंहासन, त्यावर चढला की पर्वत, वनवासातल्या राणीला ते शिळा म्हणून पुरतं. बाजूला पेटी, पखवाज, झांज. युद्ध म्हणजे दोन नटांनी पखवाजाच्या ठेक्यावर घेतलेल्या गिरक्या. समोर बसलेल्या म्हाताऱ्यांना कधी वाटलं नाही की इथे काही कमी आहे. आणि संवाद लिहिलेले नसतात. आख्यान कुठलं ते ठरतं, प्रवेश कसे लावायचे ते ठरतं, बाकी नट रंगमंचावर उभा राहून बोलतो.

मात्र एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. दशावतारात बाकडं हे सिंहासन आहे असं सगळे मानतात आणि त्यावर पुन्हा कोणी बोलत नाही. पायथनवाले करवंट्या दाखवतात आणि वर पहारेकऱ्याला विचारायला लावतात की हे काय आहे. मानायचं की नाही हाच त्यांचा विनोद. दूरवर आर्थरचा किल्ला कॅमलॉट दिसतं, सगळे भारावतात आणि नोकर पुटपुटतो की ते नुसतं मॉडेल आहे! राजा त्याला गप्प करतो. तो क्षण मला फार आवडतो. मानणारे आणि न मानणारे दोघंही त्याच चौकटीत उभे.

नाटकवेडी_फोंडा

@पेडण्याचा_प्रेक्षक, अगदी. आमच्या जत्रेच्या नाटकांत, ऐतिहासिक असलं की, टापा विंगेतून करवंट्यांनीच वाजायच्या. रेडिओवरच्या नाटकांतही ही जुनी युक्ती. म्हणून तर मला तो प्रसंग आवडतो, विंगेतला माणूस त्यांनी थेट राजाच्या मागे आणून उभा केला. आणि एकेका नटाने चार-चार भूमिका करायच्या हेही आपल्या गावच्या नाटकांसारखंच. पेलिन त्या चित्रपटात किती वेळा वेगवेगळ्या वेषात येतो ते बघत बसा. पैसे वाचतात हे खरं, पण त्यात आणखी काहीतरी होतं. तोच चेहरा कधी सरदार, कधी चिखलातला शेतकरी, कधी राजकन्येच्या जागी निघालेल्या राजपुत्राचा बाप, हे ओळखण्यात प्रेक्षकाला आपलेपणा वाटायला लागतो.

ग्रॅहम चॅपमनबद्दल कोणीतरी लिहा. आर्थरचं काम त्याने इतकं गंभीरपणे केलंय की सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. आजूबाजूला वेडेपणा चाललेला आणि हा मनापासून राजा.

माडाखालची

@नाटकवेडी_फोंडा, चॅपमन १९८९ मध्ये गेला, त्यामुळे दोन्ही कॉमेंट्र्यांत त्याचा आवाज नाही. बाकीचे मात्र त्याच्याबद्दल बोलतात. त्या काळात त्याचं पिणं फार वाढलेलं होतं. स्कॉटलंडमधल्या ग्लेनकोच्या घळीवरच्या त्या झुलत्या पुलावर, जो हॅमिश मॅकिनेस या गिर्यारोहकाने बांधून दिला होता, चॅपमनला जाणं जमेना. तो स्वतः डोंगर चढणारा माणूस, तरीही. पूल ओलांडणारा आर्थर दुसराच कोणी आहे. हे कळल्यावर तो प्रसंग मला पूर्वीसारखा हलका वाटत नाही, आणि चॅपमनबद्दलचा आदर उलट वाढलाय. त्या अवस्थेत त्याने ते काम केलं.

म्हापशाचा_शुक्रवार

मी विरुद्ध मत मांडतो. विनोद समजावून सांगितला की मरतो. जादूगाराने पेटीचा खालचा कप्पा उघडून दाखवावा तसं हे. मी कुठल्याच चित्रपटाची कॉमेंट्री ऐकत नाही. चित्रपट माझ्या आणि पडद्याच्या मध्ये राहू दे. दिग्दर्शकाला जे सांगायचं होतं ते त्याने चित्रपटात सांगितलं असेल, नसेल तर नंतर बोलून काय उपयोग?

माडाखालची

@म्हापशाचा_शुक्रवार, पहिल्यांदा पाहताना कॉमेंट्री लावायचीच नाही, याबद्दल माझं तुमच्याशी शंभर टक्के एकमत. पण या दोन कॉमेंट्र्यांत विनोद समजावणं जवळपास नाहीच. ते बोलतात पावसाबद्दल, ओल्या लोकरीबद्दल, संध्याकाळी हॉटेलवर गरम पाणी कोणाला मिळणार याबद्दल. त्या खुनशी सशाचा प्रसंग घ्या. गुहेबाहेर पांढराशुभ्र ससा, आणि तो उडी मारून सरदारांचे गळे फोडतो. त्या बिचाऱ्या सशाला लाल रंग लावला आणि मग तो निघेना. ज्याचा ससा होता त्या माणसाला फार वाईट वाटलं. आमची कारकीर्द तेव्हा मुरलेली असती तर ससा विकतच घेतला असता, असं ते स्वतः म्हणतात. यात विनोदाचं रहस्य कुठे फुटलं? उलट तीन-चार तरुण माणसं थंडीत उभी राहून एक रंगलेला ससा धुताहेत, असं दुसरं चित्र मिळालं.

दिग्दर्शक दोन असण्याची गोष्टही तिथेच नीट कळते. गिलियमला चौकट, धूर, चिखल, प्रकाश हवा. जोन्सला नटांचा वेळ आणि बोलणं महत्त्वाचं. नटांना अवघडलेल्या जागी ताटकळत ठेवल्यावर गिलियमशी त्यांचे खटके उडाले. मग कामाची वाटणी झाली, कॅमेऱ्याकडे गिलियम आणि नटांकडे जोन्स. या चित्रपटातलं मध्ययुग खरंखुरं घाणेरडं दिसतं, दात किडलेले, रस्ते चिखलाचे, आणि त्या घाणीत एकदम नेमका बोललेला विनोद येतो. हे त्या दोघांच्या ओढाताणीतून आलंय. नुसता चित्रपट पाहून मला ते कळलं नसतं.

आवाजी

कॉमेंट्रीच्या इतिहासाबद्दल थोडं, विषय निघालाच आहे तर.

याची सुरुवात लेझरडिस्कवर झाली. त्या तबकडीत दोन आवाजवाटा होत्या, आणि चित्रपट एकाच वाटेच्या, मोनो आवाजातला असेल तर दुसरी रिकामी राहायची. १९८४ मध्ये क्रायटेरियन या कंपनीने ‘किंग काँग’ लेझरडिस्कवर काढला तेव्हा त्या रिकाम्या वाटेवर रोनल्ड हॅवर या चित्रपट-अभ्यासकाचं बोलणं भरलं. पहिली कॉमेंट्री हीच. पुढे डीव्हीडीत आठपर्यंत आवाजवाटा बसवता आल्या आणि कॉमेंट्री घरोघरी पोचली. रिमोटवरचं ऑडिओ बटण दाबायचं, बास.

‘होली ग्रेल’च्या डीव्हीडीवर आणखी एक गंमत आहे, ‘हा चित्रपट न आवडणाऱ्यांसाठी’ अशी सबटायटल्स. ती सगळी शेक्सपिअरच्या ‘हेन्री द फोर्थ’च्या दुसऱ्या भागातून उचललेली, पडद्यावरच्या संवादांशी बेमालूम बसवलेली. नक्की लावून पाहा.

एक व्यावहारिक सूचना. परदेशातून डिस्क मागवणार असाल तर रीजन बघून घ्या. डीव्हीडीच्या हिशेबात भारत पाचव्या विभागात, ब्रिटन दुसऱ्या, अमेरिका पहिल्या. साध्या घरगुती प्लेअरवर अडेल.

आणि मला खरी खंत वाटते ती पुढची. स्ट्रीमिंगवर बहुतेक चित्रपट कॉमेंट्रीशिवाय येतात. डिस्क गेल्या की ही बोलणीही जाणार.

दुपारची_वामकुक्षी

कमी पैशातली विनोदी कॉमेंट्री म्हटल्यावर ‘क्लर्क्स’ (१९९४) हवाच. केविन स्मिथ ज्या दुकानात नोकरी करायचा तिथेच रात्री चित्रीकरण, साधारण २७,५०० डॉलरमध्ये, तेही क्रेडिट कार्डं आणि स्वतःची कॉमिक्स विकून उभे केलेले. गोष्ट दिवसाची आणि चित्रीकरण रात्रीचं, मग खिडकीबाहेरचा काळोख लपवणार कसा? शटर उघडतच नाही असं दाखवलं, कुलपात कोणीतरी च्युइंगम भरलाय. पुन्हा तीच गोष्ट, अडचण उचलून कथेत ठेवली.

‘धिस इज स्पायनल टॅप’ (१९८४), म्हणजे एका काल्पनिक रॉक बँडवरचा खोटा माहितीपट, त्याची कॉमेंट्री तर आणखी वेगळी. तिन्ही नट चित्रपटातल्या वादकांच्याच भूमिकेत राहून बोलतात आणि आपल्यावर हा माहितीपट काढणाऱ्या दिग्दर्शकाने कसा अन्याय केला याचं गाऱ्हाणं शेवटपर्यंत मांडतात. म्हणजे कॉमेंट्री हाच दुसरा चित्रपट.

नाटकवेडी_फोंडा

मग आपला ‘जाने भी दो यारों’ (१९८३) का नको? एनएफडीसीचा (सरकारी चित्रपट विकास महामंडळाचा) पैसा, खर्च सात लाखांच्या आसपास. नसीरुद्दीन शाहच्या हातात जो कॅमेरा दिसतो तो त्याचा स्वतःचा. आणि तो महाभारताचा प्रसंग, ज्यात द्रौपदीच्या वेषात आयुक्त डिमेलोचं प्रेत आणि त्याच्यासाठी चाललेली पळापळ. रंगमंचावर उभं राहिलेलं नाटक हळूहळू हातातून निसटतं आणि आंधळा धृतराष्ट्र पुन्हा पुन्हा विचारत राहतो की हे चाललंय काय. ज्याने कधी हौशी नाटकात काम केलंय त्याला तो प्रसंग पाहताना हसू आणि घाम दोन्ही येतं.

माझ्यासाठी त्या चित्रपटात खास म्हणजे भक्ती बर्वे. ‘ती फुलराणी’ची मंजुळा गाजवलेली बाई इथे शोभा सेन नावाची संपादक होते, वरवर सत्याची कैवारी आणि आतून सौदेबाज. कसं सहज केलंय! त्या २००१ मध्ये अपघातात गेल्या. रवी बासवानी, ओम पुरी, कुंदन शाह, सतीश कौशिक हेही गेले. त्यांना सगळ्यांना एका खोलीत बसवून चित्रपट लावून बोलतं केलं असतं तर काय ऐकायला मिळालं असतं. ‘होली ग्रेल’चं ऐकताना मला सारखं हेच वाटत राहतं.

पेडण्याचा_प्रेक्षक

+१. आणि कोंकणीचं काय? १९५० चा ‘मोगाचो आंवडो’, अल जेरी ब्रागांझा यांचा, पहिला कोंकणी चित्रपट. २४ एप्रिलला तो लागला म्हणून आपण तो दिवस कोंकणी चित्रपट दिन म्हणून पाळतो. पण चित्रपट आज बघायला मिळत नाही. तिथे कॉमेंट्री कुठली येणार?

२००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत भरतो. महोत्सवाच्या दिवसांत दिग्दर्शक खेळानंतर पाच-दहा मिनिटं प्रश्नोत्तरं करतात आणि बाहेर पुढच्या खेळाची रांग उभी असते. त्यापेक्षा गावोगावच्या जुन्या नटांसमोर, तियात्र (कोंकणी संगीतनाट्य) असो की मराठी नाटक, त्यांच्या खेळाचं जे काही चित्रण घरात असेल ते लावावं आणि फोनवर त्यांचं बोलणं भरून घ्यावं. चित्रण वाईट असलं तरी चालेल. माझ्या ओळखीतले एक दशावतारी नट आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्या एका प्रयोगाचं चित्रण माझ्याकडे आहे. या गणेशचतुर्थीच्या आधी मी हे करणार.

म्हापशाचा_शुक्रवार

@पेडण्याचा_प्रेक्षक, असं असेल तर मी माझा आक्षेप थोडा मागे घेतो. विनोदासाठी नाही, पण माणसासाठी ऐकावं हे पटलं. ध्वनिमुद्रणाला मदत हवी असेल तर सांगा, माझ्याकडे बरा माइक आहे.

पेडण्याचा_प्रेक्षक

देव बरें करूं! व्यनि (खाजगी निरोप) करतो.

माडाखालची

@पेडण्याचा_प्रेक्षक, हे वाचून फार बरं वाटलं. टेरी जोन्स जानेवारी २०२० मध्ये गेला. शेवटच्या वर्षांत स्मृतिभ्रंशाच्या आजाराने त्याची वाचाच गेली होती. ज्याचं बोलणं इतकं धबधब्यासारखं, त्याचं. डून कॅसलला जाणाऱ्यांना तिथल्या ध्वनिवाटाड्यात त्याचाच आवाज ऐकू येतो, आणि कॉमेंट्रीत तो अजून उत्साहाने सांगतोय की ही भिंत तीच, मघाशी दुसऱ्या किल्ल्यात पाहिलेली. त्यामुळे तुमच्या त्या नटांचं बोलणं भरून घ्यायला चतुर्थीपर्यंतही थांबू नका. जमलं तर याच महिन्यात.

आणि डिचोलीकर, तुमच्यासह चारपाच जण तयार असतील तर मडगावला माझ्याकडे एका रविवारी ‘होली ग्रेल’ लावू. आधी नुसता चित्रपट. जेवण करून दिग्दर्शकांची कॉमेंट्री.

डिचोलीकर

येतो. या वेळी पूर्ण पाहीन. करवंट्या मी आणू का? आमच्या पाडेल्याने गेल्याच आठवड्यात नारळ काढलेत.

आवाजी

मीही येतो. करवंट्या आणाल तर नारळ आडवा मधोमध फुटलेला हवा, दोन्ही अर्धी सारखी. आतलं खोबरं पूर्ण काढून चार दिवस कडक उन्हात वाळवा, ओली करवंटी बद्द वाजते. बाहेरची शेंडी घासून काढा. एकमेकींवर वाजवल्या की चित्रपटातला आवाज येतो, मातीवर किंवा लाकडी फळीवर वाजवल्या की खऱ्या घोड्याच्या जास्त जवळचा. दुडकी चाल दोन ठोक्यांची, त्याहून वेगाची तीन ठोक्यांची, भरधाव चार. दुडकीपासून सुरुवात करा, हात बसला की वेग वाढवा.